विश्लेषण : दिव्यांगांसाठी संघटित खेळ का गरजेचे? शहापूर, मुरबाडच्या पाड्यांपर्यंत ते कसे पोहोचतील?

पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताने २९ पदके जिंकली. त्यानंतर २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धेत भारताच्या खात्यात २२ पदके जमा झाली. या यशामुळे दिव्यांग खेळाडूंची नावे घराघरांत पोहोचली. मात्र ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर राहणाऱ्या दिव्यांग मुलाला आठवड्यातून एकदा तरी मैदानावर उतरायला मिळते का, या प्रश्नाचे उत्तर पदकतक्त्यात मिळत नाही. खेळाचा खरा लाभ पदकापेक्षा नियमितपणात आहे. तो नेमका कोणता आणि ग्रामीण भागात तो मिळण्यात अडचण कुठे येते, याचा हा आढावा.

संघटित खेळ म्हणजे काय?

अंगणात मुले खेळतात तो खेळ आणि संघटित खेळ यांत फरक आहे. संघटित खेळाला ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, शिकवणारी व्यक्ती आणि सर्वांना ठाऊक असलेले नियम असतात. दिव्यांगांच्या खेळात आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते, ती म्हणजे वर्गीकरण.

गावातल्या खेळात दिव्यांग मुलाला घेतले जाते ते बहुतेकदा ‘कच्चं लिंबू’ म्हणून. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी चालते आणि तो खेळला किंवा नाही खेळला तरी निकालात फरक पडत नाही. यात माया असते, पण त्याच्या वाट्याला खेळ येत नाही. वर्गीकरणामुळे साधारण सारख्या क्षमतेचे खेळाडू समोरासमोर येतात. पॅरा ॲथलेटिक्समध्ये धावणे आणि उड्यांसाठी ‘टी’, तर फेकीच्या प्रकारांसाठी ‘एफ’ हे अक्षर वापरतात. पुढचा आकडा दिव्यांगत्वाचा प्रकार आणि तीव्रता सांगतो. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक दिव्यांगत्व, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीसारख्या हालचालींच्या समन्वयाच्या अडचणी, ४५ ते ४७ हाताचे दिव्यांगत्व, तर ५१ ते ५७ हे गट चाकाची खुर्ची वापरणाऱ्या किंवा बसून फेक करणाऱ्या खेळाडूंचे असतात.

बौद्धिक दिव्यांगांसाठी १९६८ मध्ये सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक चळवळीत खेळाडूच्या आधीच्या कामगिरीनुसार गट पाडले जातात. कर्णबधिर खेळाडूंच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा तर १९२४ पासून सुरू आहेत. म्हणजेच कोणत्याही प्रकारचे दिव्यांगत्व असले तरी बरोबरीचा खेळ मांडण्याच्या पद्धती आज उपलब्ध आहेत.

शरीराला कोणता फायदा होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे दर सहा जणांमागे एक व्यक्ती लक्षणीय दिव्यांगत्वासह जगते. नैराश्य, मधुमेह, पक्षाघात, लठ्ठपणा यांचा धोका त्यांच्यात इतरांच्या तुलनेत दुपटीपर्यंत असू शकतो. काही दिव्यांग व्यक्तींचे आयुष्य तर २० वर्षांपर्यंत कमी भरते. याचे कारण केवळ दिव्यांगत्व हे नाही. उपचार मिळण्यातील अडचणी, गरिबी आणि हालचालीचा अभावही त्यामागे आहे. दिव्यांग व्यक्तींकडून शिफारशीइतकी शारीरिक हालचाल होण्याची शक्यता इतरांपेक्षा १६ ते ६२ टक्क्यांनी कमी असते, असे ‘द लॅन्सेट’ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात म्हटले होते.

आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात प्रथमच दिव्यांगांचा स्वतंत्र विचार केला गेला. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, तर मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे, अशी ती शिफारस आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे आखडणारे सांधे मोकळे राहतात, पोलिओ झालेल्या व्यक्तीचे खांदे बळकट होतात, अंध मुलाचा तोल आणि दिशेचे भान सुधारते, तर सतत बसून राहणाऱ्याला एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांचा धोका कमी होतो. शेतावर किंवा मजुरीवर जाणाऱ्या घरात मोठ्या मुलाला उचलून न्यावे लागणे आणि त्याने आधाराने चार पावले टाकणे, यातला फरक सर्वात आधी त्याच्या आईच्या पाठीला कळतो.

दिव्यांगांच्या खेळाची सुरुवात कशी झाली?

या खेळाची सुरुवात उपचार म्हणून झाली. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन उपचार करत. अशा रुग्णांना त्या काळी अंथरुणाला खिळलेले मानले जाई आणि जंतुसंसर्गाने त्यांचे मृत्यू होत. गुटमन यांनी उपचारांत खेळाचा समावेश केला. लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, त्यांनी १६ जखमी आजी-माजी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली. तिच्यातूनच १९६० मध्ये रोम येथे पहिले पॅरालिम्पिक उभे राहिले.

महाराष्ट्राकडे याचे स्वतःचे उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करातील जवान १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. आधी मुष्टियुद्ध खेळणारे पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहण्याकडे वळले. माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदतही त्यांना मिळाली. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवत त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लष्करी रुग्णालय, जलतरण तलाव, मार्गदर्शक आणि प्रवासखर्च उभा करणारे हात ही साखळी त्यांच्या मागे होती, हे या कहाणीतून लक्षात घ्यायला हवे.

मन, शाळा आणि घर यांवर काय परिणाम होतो?

खेळात मूल हरते, जिंकते, चिडते, पुन्हा येते. दिव्यांग मुलाला घरात अनेकदा यांपैकी काहीच करू दिले जात नाही. त्याच्यासाठी सगळे निर्णय दुसरे घेतात. संघात खेळताना त्याला बोलावे लागते, ऐकावे लागते, सोबत्याची वाट पाहावी लागते. यातून येणारा आत्मविश्वास वर्गात आणि पुढे कामाच्या ठिकाणी उपयोगी पडतो. पालकांनाही आपल्यासारखी दुसरी कुटुंबे भेटतात आणि प्रमाणपत्र कसे काढायचे, कोणत्या डॉक्टरांना दाखवायचे ही माहिती तिथेच हातोहात मिळते.

ग्रामीण भागात आणखी एक लाभ आहे, तो नोंदीचा. खेळासाठी आलेल्या मुलाची कुणीतरी यादी करते, त्याची तपासणी होते, त्याच्याकडे दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच ‘यूडीआयडी’ कार्ड आहे का याची विचारणा होते. दृष्टी किंवा ऐकू येण्यातील दोष उशिरा लक्षात आलेली मुले अशा वेळी पहिल्यांदा व्यवस्थेच्या नजरेस पडू शकतात. शिष्यवृत्ती, साहित्य, शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण या सगळ्यांचा रस्ता त्या कागदावरूनच जातो.

शहापूर, मुरबाडमध्ये अडचण कुठे?

पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांपैकी शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे, डोंगराळ आणि प्रामुख्याने ग्रामीण तालुके आहेत. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी समाजांची वस्ती येथे पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. त्याच जनगणनेत राज्यात २९.६ लाख दिव्यांग, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे २.६ टक्के नोंदवले गेले. तेच प्रमाण येथे लावले तर या दोन तालुक्यांत सुमारे १३ हजार दिव्यांग व्यक्ती असाव्यात, असा ढोबळ हिशेब निघतो. तो जनगणनेतील मोजक्या प्रकारांच्या नोंदीवर आधारलेला आहे. आज कायद्याने २१ प्रकार मान्य केले असल्याने प्रत्यक्ष आकडा मोठा असू शकतो.

पहिली अडचण अंतराची. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके तालुक्यातच आहेत. पण डोळखांब, किन्हवलीकडच्या गावांना स्थानक जवळ नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही, कल्याण गाठण्यासाठी रस्ता हाच आधार. दिव्यांगांना एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. मात्र पाड्यापासून थांब्यापर्यंतच्या पायवाटेवर तिचा उपयोग नाही. सोबत जाणाऱ्या पालकाची त्या दिवसाची मजुरीही बुडते. त्यामुळे ठाणे शहरात सुविधा कितीही चांगली असली, तरी दर आठवड्याला तिथे जाणे येथील कुटुंबाला शक्य होत नाही.

दुसरी अडचण ऋतूंची. पावसाळ्याचे चार महिने मैदानात चिखल असतो आणि घरातील सगळे भातलावणीत गुंतलेले असतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. दिव्यांग मूल एकतर सोबत जाते किंवा आजी-आजोबांपाशी राहते. वर्षभर चालणारा उपक्रम आखताना हे वेळापत्रक विसरून चालत नाही. मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेची भीती आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न यांची भर पडते.

गावितची कहाणी काय सांगते?

चीनमधील हांगझो येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत भारताने एकूण १११ पदके मिळवली. त्यातील शंभरावे पदक नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील दिलीप गावितने जिंकले. ४०० मीटर धावण्याच्या टी-४७ गटात तो सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. आदिवासी शेतकरी कुटुंबातील दिलीपला लहानपणी झाडावरून पडल्यामुळे उजवा हात गमवावा लागला होता. पुढे पॅरिस पॅरालिम्पिकमध्येही तो अंतिम फेरीत धावला.

सुरगाणा हा शहापूर-मुरबाडसारखाच डोंगराळ, आदिवासीबहुल तालुका. दिलीपमधील वेग हेरला गेला, त्याला नाशिकमध्ये राहून सराव करता आला, म्हणून तो जगासमोर आला. पॅरिसमध्ये गोळाफेकीच्या एफ-४६ गटात १६.३२ मीटर अंतरासह रौप्यपदक जिंकणारा सचिन खिलारीही सांगली जिल्ह्यातील आटपाडी या दुष्काळी तालुक्यातला आहे. गुणवत्ता खेड्यांत आहे, हे यातून सिद्ध होते. मात्र ज्याच्या गावात वेग मोजणारे कुणी नव्हते, अशा मुलांची संख्या कुठेच नोंदली जात नाही. शिवाय दिव्यांगत्व असूनही वेगाने धावू शकणारी मुले थोडीच असतात. बहुविकलांग किंवा तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना पदकाची शक्यता नसली तरी खेळाची गरज इतरांइतकीच असते.

कायदा काय सांगतो, निधी कुठून येऊ शकतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३० नुसार दिव्यांगांचा क्रीडा उपक्रमांत प्रभावी सहभाग राहील यासाठी उपाय करणे शासनावर बंधनकारक आहे. क्रीडा सुविधांची फेररचना, साहित्याचा पुरवठा, निधीची तरतूद आणि दिव्यांगांसाठी खास स्पर्धा यांचा त्यात उल्लेख आहे. शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेला मैदान, खेळाचे साहित्य आणि अडथळाविरहित प्रवेश असणे आवश्यक ठरवले आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. 

निधीचे मार्गही आहेत. जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, नगरपंचायत यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. समग्र शिक्षा अभियानात शासकीय शाळांना दरवर्षी खेळ साहित्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेसाठी ५ हजार, उच्च प्राथमिकसाठी १० हजार आणि माध्यमिकसाठी २५ हजार रुपयांपर्यंत ते मिळू शकते. या पैशांतून आवाज करणारा एखादा चेंडू घेतला गेला का, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत कोणताही पालक विचारू शकतो. तालुका क्रीडा संकुल ही राज्याची योजना आहे. तेथील उतारवाट आणि स्वच्छतागृह हे मुद्दे कलम ३० च्या कक्षेत येतात.

महागडी साधने लागतातच का?

स्पर्धेसाठीची खास चाकाची खुर्ची किंवा कृत्रिम पाते महाग असते. पण सगळ्याच खेळांना ते लागत नाही. बैठ्या व्हॉलीबॉलचे मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असते, जाळी पुरुषांसाठी १.१५ आणि महिलांसाठी १.०५ मीटर उंचीवर बांधतात. शाळेच्या सभागृहात किंवा सारवलेल्या सपाट अंगणात ते आखता येते. गोलबॉल या अंधांच्या खेळात प्रत्येक बाजूला तीन खेळाडू असतात आणि चेंडूत घंटा असते. बोचा हा खेळ तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी आहे. खुर्चीत बसून मऊ चेंडू लक्ष्याच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा, एवढेच त्यात करायचे असते. बसून गोळाफेक किंवा भालाफेक करण्यासाठी लागणारी लोखंडी बैठक गावातला वेल्डरही तयार करू शकतो.

अंधांचे क्रिकेट तर येथे सहज रुजण्यासारखे आहे. त्यात छर्रे घातलेला, खुळखुळणारा चेंडू खांद्याखालून टाकतात. ठाणे, रायगडच्या गावांत अंडरआर्म क्रिकेट काही परके नाही. अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबो येथे भारताने जिंकला. त्या संघाची उपकर्णधार गंगा कदम ही महाराष्ट्राची आहे.

खेळाच्या मर्यादा आणि धोके कोणते?

खेळ हा उपचार, शिक्षण किंवा रोजगाराला पर्याय नाही. ‘खेळला की बरा होईल’ असे पालकांना सांगणे चुकीचे आहे. अपस्मार, हृदयविकार असलेल्या मुलांची आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे कमकुवत असतात. त्यांना कोलांट्या, सूर मारणे असे प्रकार तपासणीशिवाय करू देऊ नयेत. मणक्याची इजा असलेल्यांना घाम कमी येतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात त्यांना खेळवणे धोक्याचे ठरू शकते. ज्याला खेळायचे नाही त्याच्यावर सक्तीही नको.

दुसरा धोका समारंभी वृत्तीचा. जागतिक दिव्यांग दिनाच्या, ३ डिसेंबरच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत दिव्यांगांच्या क्रीडा स्पर्धा होतात. त्या हव्यातच. पण वर्षातून एका दिवशी धावलेल्या मुलाला प्रशस्तिपत्र मिळते, स्नायूंना आणि सवयीला त्याचा उपयोग होत नाही. उरलेल्या ३६४ दिवसांत तो पुन्हा ‘कच्चं लिंबू’च राहतो.

पुढे काय करता येईल?

मुलाला शहरात नेण्याऐवजी खेळ गावाजवळ आणणे, हा शहापूर-मुरबाडसाठी व्यवहार्य मार्ग दिसतो. शासकीय आश्रमशाळा, केंद्रशाळा यांची मैदाने सुट्टीच्या दिवशी मोकळी असतात. समावेशित शिक्षणासाठी नेमलेले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात, त्यांना मुलांची नावे ठाऊक असतात. कबड्डीची मंडळे गावोगावी आहेत. त्यांतील तरुणांना दिव्यांगांच्या खेळांचे प्राथमिक प्रशिक्षण दिले, तर मार्गदर्शकांची उणीव काही अंशी भरून निघेल. फिजिओथेरपिस्टने महिन्यातून एकदा त्याच मैदानावर यावे. पावसाळ्यात छपराखालचे खेळ, दिवाळीपूर्वी मैदानी खेळ आणि स्थलांतराच्या काळात भट्टीजवळच्या शाळेत त्याच मुलाची नोंद, असे वर्षाचे वेळापत्रक आखता येईल.

अशा उपक्रमाचे यश पदकांवरून मोजू नये. दर आठवड्याला किती मुले येतात, त्यांत मुली किती, दूरच्या पाड्यांवरची किती, वर्षभरानंतर त्यांतली किती शाळेत टिकली, किती जणांना ओळखपत्र मिळाले, ही मोजपट्टी हवी. या नोंदी ठेवायला एक वही पुरते. कायदा आहे, निधीची तरतूद आहे, मैदानेही आहेत. दर आठवड्याला ठरलेल्या वारी ते मैदान उघडण्याची जबाबदारी कुणाची, हे ग्रामसभा आणि तालुका प्रशासनाने ठरवायचे आहे.